कॅमेऱ्याची मर्यादा

आमचे एक स्नेही मागील वर्षीं नोकरींतून निवृत्त झाले, आणि हातीं आलेल्या वेळाचें काय करावें ह्या विवंचनेंत त्यांनीं छायाचित्रणाचा नाद लावून घेण्याचें ठरविलें. आमच्यापाशीं एक जुना डीएसएलआर कॅमेरा आहे, व मोठ्या सेन्सरचा पण खिशांत मावणारा असा दुसरा नवा आहे, हें त्यांस ठाऊक होतें. म्हणून एके दिवशीं संध्याकाळीं ते आले, आणि चहा पुढें येण्याच्या आंतच त्यांनीं विचारलें, "दोहोंपैकीं चांगला कोणता, तेवढें सांगा, मी तसाच घेईन." प्रश्न एका शब्दाच्या उत्तराचा होता. आम्ही "चार दिवसांनीं सांगतों" म्हणालों. त्या चार दिवसांचे सहा महिने झाले.

प्रथम आम्हीं कोणीहि करील तेंच केलें, आंकडे मांडले. जुना कॅमेरा निकॉनचा डी ७००. तो २००८ सालीं बाजारांत आला. त्याच्या पोटांतील सेन्सर, म्हणजे पूर्वीं जेथें फिल्म असे तेथें बसविलेली प्रकाश टिपणारी पाटी, ३६ मिलिमीटर लांब व सुमारें २४ मिलिमीटर रुंद आहे. जुन्या फिल्मच्या एका चौकटीएवढी. तिच्यावर १ कोटि २१ लक्ष बिंदू आहेत. नुसत्या धडाचें वजन ९९५ ग्रॅम; बॅटरी घातली, एक लहानसें भिंग चढविलें, कीं तो सव्वा किलोच्या घरांत जातो. नवा कॅमेरा रिको कंपनीचा जीआर ३. हा २०१९ सालीं विक्रीस आला. ह्याची पाटी क्षेत्रफळानें जुन्याच्या निम्म्याहूनहि कमी आहे. परंतु खिशांतील कॅमेऱ्यांत पूर्वीं जी नखाएवढी पाटी असे तिच्या दहा पटींहून मोठी, आणि बिंदू २ कोटि ४० लक्ष. भिंग एकच, तें काढतां येत नाहीं, लांब-जवळहि करतां येत नाहीं. वजन बॅटरीसकट २५७ ग्रॅम. जुन्याच्या पाटीवरील प्रत्येक बिंदू मोठा, म्हणून त्यावर प्रकाश अधिक पडतो. नव्याचा बिंदू लहान, पण मधल्या अकरा वर्षांत विद्या इतकी पुढें गेली कीं त्या लहान बिंदूनें आपली उणीव बहुतेक भरून काढली. दोहोंतून घेतलेलीं चित्रें मोठ्या कागदावर छापून आम्हीं घरांतील मंडळींपुढें ठेविलीं. कोणतें कशांतून निघालें हें कोणासहि ओळखतां आलें नाहीं. आणि, लाज वाटते पण सांगितलें पाहिजे, मागें लिहिलेली खूण पाहिल्यावांचून एकदां आम्हांसहि आलें नाहीं.

येथें प्रश्न मिटावयास हवा होता. चित्रें सारखीं, वजन चौथाई. मग हलकें तें घ्यावें, हें सांगावयास सहा महिने कशाला हवेत? परंतु दोन्ही यंत्रें हातांत घेऊन हिंडतांना आम्ही दोन निराळीं माणसें होतों असा आमचा अनुभव आहे, आणि तो कशामुळें हें आम्हांस कळेना.

डीएसएलआरचें मर्म त्याच्या आरशांत आहे. भिंगाच्या मागें पंचेचाळीस अंशांत कललेला एक आरसा असतो. भिंगांतून आलेला प्रकाश तो वर फेंकतो; तेथें घासलेल्या कांचेवर प्रतिमा उमटते, आणि वर बसविलेल्या लोलकांतून फिरून, सुलट होऊन, ती आपल्या डोळ्यापर्यंत येते. म्हणजे खिडकीला डोळा लावून आपण पाहतों तो साक्षात् त्या वस्तूवरून निघालेला प्रकाश असतो. मध्यें वीज नाहीं, गणित नाहीं. परंतु बटण दाबतांच आरसा उचलला जातो, प्रकाश पाटीकडे जातो, आणि खिडकींत अंधार होतो. तो अंधार पापणी लवण्याएवढाच. पण जो क्षण चित्रांत राहतो नेमका तोच चित्र काढणारानें पाहिलेला नसतो. त्याच्या आधींचा पाहिला, नंतरचा पाहिला, मधला यंत्राच्या हवालीं केला. नव्या कॅमेऱ्यांत आरसा नाहीं, आणि खिडकीहि नाहीं. पाठीवर तीन इंची पडदा आहे. पाटीवर पडलेल्या प्रकाशाची वीज होते, विजेवर गणित होतें, आणि मग पडद्यावर चित्र दिसतें. तेथें आपण वस्तूकडे पाहत नसून तिच्या चित्राकडे पाहत असतों; बटण दाबण्यापूर्वींच समोरचा माणूस चित्र झालेला असतो. हा भेद आम्हांस फार मोठा वाटला व कांहीं दिवस आम्ही त्यावरच खूष होतों. जुन्या कॅमेऱ्यास सत्यवादी व नव्यास मायावादी अशीं नांवेंहि आम्हीं मनांतल्या मनांत देऊन टाकिलीं. प्राध्यापकांस असलीं नांवें सुचण्याचा रोगच असतो. पुढें लक्षांत आलें कीं आम्ही भेद शोधीत होतों तो पाहणाराच्या बाजूला. तो होता पाहिल्या जाणाराच्या बाजूला.

दहा-बारा वर्षांपूर्वींची गोष्ट. पुण्याच्या महात्मा फुले मंडईंत मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या एका बाईंपुढें आम्हीं तो जुना कॅमेरा उचलला. सव्वा किलोचें काळें धूड डोळ्याला लावलेला मनुष्य मंडईंत लपत नाहीं. बाई म्हणाल्या, "थांबा दादा, पदर सारखा करते." त्यांनीं पदर सारखा केला, तागडी बाजूला सारली, आणि कागदावर सही करावी तशा गंभीरपणें भिंगाकडे पाहिलें. आरशाचा खट्ट आवाज झाला. शेजारच्या दोघी हंसल्या. "मला पण एक द्या बरं का," असें त्यांनीं बजाविलें, व पुढल्या आठवड्यांत आम्हीं प्रत नेऊन दिली तेव्हां ती उजेडांत धरून त्या म्हणाल्या, "बरा आलाय. पण चमकी दिसत नाही." चित्र म्हणून तें सामान्यच आहे. असलीं चित्रें हजारों निघतात.

दुसरी गोष्ट दोन वर्षांपूर्वींची. दौंड स्थानकावर आम्ही गाडीची वाट पाहत उभे होतों, व हातांत नवा कॅमेरा होता. ह्या कॅमेऱ्यांत एक सोय अशी आहे कीं अंतर आधींच ठरवून ठेवतां येतें. मग भिंगाला जुळवाजुळव करावी लागत नाहीं, बटण दाबलें कीं चित्र निघालें. पडदा भिंगांतच असल्यामुळें आवाजहि जवळजवळ होत नाहीं. समोरच्या बाकावर चाळिशीची एक स्त्री बसली होती. मांडीवर एक्स-रेचें मोठें पाकीट होतें. ती रडत होती. आवाज नव्हता, डोळे उघडे, आणि दृष्टि समोरच्या पाण्याच्या नळावर. आम्हीं कॅमेरा पोटाशीं धरला होता तसाच धरून बटण दाबलें. तिनें पाहिलें नाहीं. कोणींच पाहिलें नाहीं. गाडी आली, ती उठून गेली.

चित्र उत्तम आलें. आम्हीं आजवर काढलेल्या चित्रांत तें पहिलें नसेल तर दुसरें खास असेल. आमच्या पत्नीस तें आम्हीं दाखविलें. तिनें बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, "तिला कळलं होतं का?" आम्ही नाहीं म्हणालों. तिनें कॅमेरा परत दिला. चित्राविषयीं एक अक्षरहि बोलली नाहीं.

हा प्रश्न आमच्यापासून सुरू झाला असें समजण्याइतके आम्ही भोळे नाहीं. ईस्टमनचा पहिला कोडॅक १८८८ सालीं निघाला आणि कॅमेरा तिपाईवरून उतरून सामान्य माणसाच्या हातांत आला. पुढें दोनच वर्षांनीं, १८९० सालीं, सॅम्युएल वॉरन व लुई ब्रँडाइस ह्या बोस्टनच्या दोघां वकिलांनीं 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू' ह्या नियतकालिकांत खाजगीपणाच्या हक्कावरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यांत झटपट निघणाऱ्या छायाचित्रांवरचा रोष स्पष्ट आहे. त्यांतील एक मुद्दा आम्हांस फार मार्मिक वाटतो. ते म्हणतात त्याचा आशय असा कीं, जोंवर माणसानें समजून उमजून बसल्यावांचून त्याचें चित्र निघत नव्हतें तोंवर कराराचा कायदा त्याच्या रक्षणास पुरेसा होता. चोरून चित्र काढणें शक्य झालें आणि तो कायदा अपुरा पडला. म्हणजे माणसाची लाज राखण्याचें काम तोंपर्यंत कायदा किंवा नीति करीत नव्हती. कॅमेऱ्याचा मंदपणा करीत होता.

आणि कलावंतांनींहि ह्या बाबतींत हात आंखडता घेतला नाहीं. पॉल स्ट्रँड ह्यानें १९१६ सालीं न्यूयॉर्कच्या रस्त्यांत माणसांचीं चित्रें घेतांना कॅमेऱ्याला बाजूनें एक खोटें भिंग बसविलें होतें. लोकांस वाटे तो भलतीकडे पाहत आहे. गळ्यांत आंधळेपणाची पाटी अडकविलेल्या स्त्रीचें त्याचें विख्यात चित्र त्याच सुमाराचें. तिच्यापुढें खोट्या भिंगाची गरजहि नव्हती, हा विचार मनांत आला म्हणजे तें चित्र पाहतांना आमची नजर खालीं जाते. वॉकर इव्हान्स ह्यानें १९३८ ते १९४१ ह्या काळांत न्यूयॉर्कच्या भुयारी गाडींत समोर बसलेल्या उतारूंचीं चित्रें घेतलीं. कॅमेरा कोटाखालीं, भिंग दोन गुंड्यांच्या मधून डोकावणारें. त्यांचें पुस्तक मात्र त्यानें १९६६ सालीं काढलें. ह्या पंचवीस वर्षांच्या थांबण्यांत आम्हांस एक प्रकारचा संकोच दिसतो. परंतु काळ लोटल्यानें चोरीचा माल आपला होत असेल असें वाटत नाहीं. फार तर मालक ओळखूं येईनासा होतो.

कायद्याची बाजू आम्ही येथें सोडून देतों. भरचौकांत दुरून घेतलेल्या अनोळखी चेहऱ्यांच्या बाबतींत २००६ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायालयानें फिलिप-लोर्का डीकोर्सिया ह्या छायाचित्रकाराच्या बाजूनें निकाल दिला. आपल्याकडे २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. दौंडच्या फलाटावर बटणावर बोट असतांना आम्हांस ह्यांतला एकहि निकाल आठवला नव्हता.

आठवावयास हवी होती ती प्लेटोच्या 'रिपब्लिक' मधील अंगठी. लीडिया देशांतील एका मेंढपाळास अशी अंगठी सांपडली कीं तिचा खडा आंत फिरवितांच तो अदृश्य होई; आणि त्या बळावर त्यानें राणी वश केली, राजा मारिला, राज्य घेतलें. ही कथा वर्गांत आम्हीं वीस-पंचवीस वेळां तरी सांगितली असेल. सज्जन म्हणविणारा मनुष्य अंगठी हातांत आल्यावरहि सज्जन राहील काय, असें विद्यार्थ्यांस विचारून आम्ही घड्याळाकडे पाहत असूं. ती अंगठी २५७ ग्रॅम वजनाची असेल व आम्हीं ती स्वतः पैसे देऊन विकत घेतली असेल, हें कधीं मनांत आलें नाहीं.

मराठींत मर्यादा ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक सीमा, दुसरा विनय. डी ७०० ला पहिल्या अर्थाची मर्यादा होती. त्याला लपतां येत नव्हतें, त्याला गप्प बसतां येत नव्हतें. आम्ही ती दुसऱ्या अर्थाची समजत आलों, आणि ती आमचीच आहे असेंहि समजत आलों. मंडईंतल्या बाईंशीं आम्ही सभ्यपणें वागलों ही आमची सभ्यता नव्हती. त्या धुडाची होती. ज्याला चोरी करतांच येत नाहीं त्याच्या प्रामाणिकपणाला किती मोल द्यावें? कांट असता तर त्यानें फार मोल दिलें नसतें. त्या न्यायानें पाहतां लहान कॅमेऱ्यानें आमचें कांहींच बिघडविलें नाहीं. उलट विनयानें वागण्याची खरी संधि प्रथमच आमच्या हातीं दिली, आणि पहिल्याच परीक्षेंत आम्ही नापास झालों.

तथापि येथें आमच्या मनाचा एक भाग भांडावयास उठतो, आणि त्याचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. मेंढपाळानें राज्य घेतलें. तुम्हीं काय घेतलें? ती स्त्री त्या चित्रानें गरीब झाली नाहीं, तिला दुखलें नाहीं, तिला कधीं कळणारहि नाहीं. शिवाय सर्वांनीं पदर सारखा करूनच चित्रें काढून घेतलीं तर माणसाचें दुःख कागदावर यावयाचें कधीं? भुयारी गाडींतला चेहरा सावध नसतो म्हणूनच इव्हान्सचीं चित्रें मोलाचीं आहेत. ह्यावर आमच्यापाशीं पुरें उत्तर नाहीं. दौंडचें चित्र मंडईच्या चित्राहून श्रेष्ठ आहे हें आम्हांस नाकारतां येत नाहीं. परंतु बेसावध चेहरा तेवढा खरा आणि सावरलेला चेहरा खोटा, हें आम्हांस मान्य नाहीं. पदर सारखा करणारी बाई कांहीं लपवीत नव्हती. आपण कोण आहों हें ती आपल्या तोंडानें सांगत होती, आणि चमकी दिसली नाहीं ह्याची तक्रारहि तिला करतां आली. दौंडच्या स्त्रीपासून आम्हीं जें घेतलें तें चित्र नव्हे. "थांबा" म्हणण्याची तिची पाळी आम्हीं घेतली.

कोणी म्हणेल, आज प्रत्येकाच्या हातांत मोबाइल आहे आणि त्यांत कॅमेरा आहे. मग एका लहान कॅमेऱ्याचें एवढें स्तोम कशाला? खरें आहे. पण मोबाइल उभा करून समोर धरणें ही मुद्रा आतां सर्वांस ओळखूं येते. ती एक प्रकारची दवंडीच आहे. जपानांत विकल्या जाणाऱ्या मोबाइलांत तर चित्र काढतांना होणारा आवाज बंद करतां येत नाहीं अशी रीतच कंपन्यांनीं पाडली. चोरून काढलेल्या चित्रांचा उपद्रव वाढला म्हणून. आम्हांस ह्या गोष्टीची मौज वाटते. मोबाइलांत आरसा नाहीं, हलणारा पडदा नाहीं, आवाज होण्याचें कारणच नाहीं. तरी खट्ट असा खोटा आवाज त्यांत मुद्दाम घातला. मांजराच्या गळ्यांत घंटा बांधण्याचाच हा प्रकार. इकडे आरशाचे कॅमेरे संपत आले आहेत. निकॉनचा डी ६ २०२० सालीं निघाला, त्यानंतर त्या कंपनीनें नवा डीएसएलआर आणलेला नाहीं.

मग आम्ही लहान कॅमेरा टाकून दिला काय? नाहीं. त्याच्या बाजूनें एक गोष्ट आहे, ती उशिरां लक्षांत आली. मोठा कॅमेरा डोळ्याला लावला कीं आपलें तोंड त्याच्या मागें झांकलें जातें. समोरच्याला दिसते ती फक्त कांच. त्यानें आपल्याला चेहरा द्यावयाचा आणि आपण त्याला भिंग दाखवावयाचें, हा व्यवहार तसा एकतर्फीच. लहान कॅमेरा छातीशीं हातभर पुढें धरतां येतो; आपले डोळे मोकळे राहतात, आणि दृष्टीला दृष्टि देतां येते. अलीकडे आम्ही असें करतों: कॅमेरा उघड धरतों, समोरच्याकडे पाहून मान हलवून विचारतों, आणि त्यानें मान हलविली तर बटण दाबतों. कृत्रिम वाटतें, व पुष्कळदां तो खरा क्षण निघूनहि जातो.

गेल्या ज्येष्ठांत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला निघाली तेव्हां आम्ही दिवे घाटांत उभे होतों. पावसाची भुरभुर होती. एक वृद्ध वारकरी अंगावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन चढण चढत होते. कपाळींचा बुक्का ओघळून नाकापर्यंत आला होता, आणि मागें वळणावळणानें वर येणाऱ्या पताका. असें चित्र घाटांत उभें राहून मागावें तरी मिळत नाहीं. अंतर आधींच ठरवून ठेवलें होतें, कॅमेरा हातांत होता, आणि ते आमच्याकडे पाहत नव्हते. आम्हीं कॅमेरा वर करून त्यांच्या दृष्टीस पडूं दिला व मान हलविली. त्यांनीं थांबून आमच्याकडे पाहिलें, हात जोडले, आणि म्हणाले, "नको माउली." मग पुढें गेले. त्यांच्या मागून आलेल्या दोन तरुणांनीं मात्र "आमचा काढा" म्हणून खांद्यावर हात टाकून उभें राहून चित्र काढविलें. तें आमच्यापाशीं आहे. त्या वृद्धांचें नाहीं, व आजहि डोळे मिटले कीं तें न काढलेलेंच आधीं दिसतें. ह्याचा आम्हांस आनंद होतो असें आम्ही म्हणणार नाहीं, चुटपुट लागते.

स्नेह्यांनीं आमची वाट पाहण्याचें सोडून दिलें आणि एक वापरलेला डीएसएलआर स्वस्तांत घेतला. मानेला पट्टा रुततो अशी त्यांची तक्रार आहे. परवां ते विचारीत होते कीं तुमचा तो लहान कधीं विकावयाचा झाला तर सांगा. आम्हीं होकार दिला आहे. पण देण्यापूर्वीं त्यांतील कार्ड काढून घेतलें पाहिजे. दौंडचें चित्र अजून त्यांतच आहे. तें पुसण्यासाठीं आमचें बोट दोनदां बटणापर्यंत गेलें. दोन्ही वेळां पुसावयाचें कीं नाहीं असें कॅमेऱ्यानें रीतसर विचारलें, आणि दोन्ही वेळां आम्हीं तो बंद करून ठेविला.